खो मिळाला आणि मी उठलेच नाही (टाइप वन मधुमेह आणि मैदान)

तेरणाकाठ

मंडळी, बरेच दिवस इथं नुसती वाचक आहे. आज लिहायला बसले कारण शाळेत एक गोष्ट घडली आणि ती डोक्यातून जाईना.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. आमच्या चौदा वर्षांखालच्या मुलींच्या खो-खो संघात सातवीतली एक पोरगी आहे. नाव लिहीत नाही, आपण तिला चिमणी म्हणू. अंगानं काडी, पण खांबावर अशी वळते की मागची पोरगी चार पावलं पुढं निघून जाते आणि ही तिथंच हसत उभी. दिवाळीच्या सुट्टीत लेकरू सुकत गेलं. सारखं पाणी पाणी, रात्री चार-चारदा उठणं, मग उलट्या आणि पोटदुखी. गावात पित्त म्हणून सलाईन लावलं. लातूरला नेलं तेव्हा शुगर ५०० च्या वर होती, टाइप वन मधुमेह निघाला. चार दिवस आयसीयूत काढले. आता बरी आहे, दिवसाला इन्सुलिनची चार इंजेक्शनं चालू आहेत.

परवा तिचे वडील शाळेत आले. चप्पल बाहेर काढून दारातच उभे राहिले. म्हणाले, "मॅडम, नाव काढून टाका तिचं. आता काय खेळायलीय ती."

मी "बघू" एवढंच म्हणाले. कारण २००२ साली जवळपास हेच वाक्य माझ्या वडिलांनी माझ्या सरांना ऐकवलं होतं. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. मलाही टाइप वनच आहे.

माझी कथा थोडक्यात सांगते. (थोडक्यात होणार नाही, माहीत आहे.) निदान झाल्यावर वर्षभर मैदान बंद. घरात सगळे मला काचेच्या बरणीसारखं धरायचे. शेवटी आजी चिडली. तिचं म्हणणं, दावणीला बांधून ठेवलेला बैलसुद्धा आजारी पडतो, हे तर पोर आहे. आजीपुढं वडिलांचं काही चालायचं नाही. मी परत खेळायला लागले, पण एका अटीवर: कुणाला सांगायचं नाही. सांगितलं तर संघातून काढतील, आणि पुढं लग्नाच्या वेळी ऐन बैठकीत हा विषय निघेल. तेवढ्यात सर बदलले. नव्या सरांना काहीच माहीत नव्हतं.

२००४ ची विभागीय स्पर्धा. आम्ही आदल्या रात्री एसटीनं पोचलो आणि एका शाळेच्या वर्गात सतरंज्यांवर झोपलो. सकाळी सातला मी संडासात जाऊन इंजेक्शन घेतलं. तेव्हा कुपीतलं ३०/७० चं मिश्र इन्सुलिन असायचं. त्याचा एक भाग लगेच काम करतो आणि दुसरा चार-सहा तासांनी जोर धरतो. म्हणजे दुपारचं जेवण वेळेवर हवंच. वर पोहे खाल्ले. सामना साडेनऊचा होता.

त्याआधी उद्घाटन होतं आणि पाहुणे आले बाराला. तोवर आम्ही सगळ्या पोरी उन्हात ओळीनं उभ्या. मग हार, नारळ, मशाल, तीन भाषणं. जेवणाची पाकिटं सामन्यानंतर मिळणार होती. माझ्या दप्तरात शेंगदाण्याचा लाडू होता, पण दप्तर वर्गात आणि वर्गाला कुलूप.

पहिला डाव आमचा, पाठलागाचा. मी सहाव्या पाटीवर बसले होते. बसल्या बसल्या समोरचा खांब एकाचे दोन दिसायला लागले. जिभेला मुंग्या आल्या. मानेवरून घाम असा वाहत होता की कॉलर गार पडली, आणि ऊन तर भाजत होतं. मला वाटत होतं मी अगदी ठीक आहे. एवढ्यात पाठीवर थाप पडली, "खो!" ऐकू आला, शंभर टक्के ऐकू आला. पण तो शब्द माझ्यासाठी आहे आणि त्यावर उठायचं असतं, हे काही केल्या जुळेना. मी बसूनच राहिले. खो देणारी पोरगी माझ्या पाठीमागं उभी, पळणारी पोरगी माझ्यासमोर थांबून बघतेय, पंचांनी शिट्टी वाजवली, आणि मी आपली हातातल्या मातीकडं बघत बसले होते.

सरांनी दंडाला धरून बाहेर ओढलं. "झोपायला आलीस का इथं?" सगळं मैदान हसलं. पाचव्या पाटीवरच्या पोरीच्या आजोबांना शुगर होती. तिनं माझा गार हात धरला आणि काही न विचारता मैदानाबाहेरच्या रसवंतीकडं धूम ठोकली. उसाचा अर्धा ग्लास माझ्या पोटात गेला, अर्धा गणवेशावर. दहा-पंधरा मिनिटांनी उतरलेली शुगर वर आली आणि जग परत जागेवर आलं. सामना गेला होता.

सरांना मी सांगितलं, "चक्कर आली, उन्हानं." त्या पोरीलाही तेच. पुढं तीन वर्षं खेळले, राज्य स्पर्धेपर्यंत गेले, पण प्रत्येक वेळी संडासात इंजेक्शन आणि मोज्यात साखरेची पुडी. घामानं पुडी ओली व्हायची, साखर पायाला चिकटायची, मुंग्या लागायच्या.

तर विचारायचं असं: ज्यांची मुलं टाइप वन घेऊन खेळतात, किंवा जे स्वतः खेळले, त्यांनी लिहा. चिमणीच्या वडिलांना काय सांगू? "काही होत नाही" असं खोटं मला सांगायचं नाही. काही होतं, हे मला माहीत आहे.

परभणीची आई

ताई, वाचून काटा आला. विशेषतः कुलूप.

माझा मुलगा बारा वर्षांचा, निदान सातव्या वर्षी. क्रिकेट खेळतो, ऑफस्पिन टाकतो. सुरुवातीला नातेवाईक म्हणाले, "लहानपणी गोड फार दिलं असंल." आजही लग्नाकार्यात कुणीतरी बाई येऊन हेच ऐकवते. मी आता उत्तर देत नाही, जिलेबी वाढते तिला.

आमचा अनुभव: क्रिकेटमध्ये पळणं कमी आणि उभं राहणं जास्त, त्यामुळं घात हळू होतो. क्षेत्ररक्षणाच्या तिसऱ्या तासाला तो एकदम चिडका होतो. अंपायरशी वाद घालायला लागला की मी सीमारेषेवरून ओळखते, शुगर सत्तरच्या खाली आहे. इतरांची मुलं चिडली तर संस्कार काढतात, माझं चिडलं तर मी ग्लुकोजचा पुडा काढते.

प्रशिक्षकांना पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं. ते आधी घाबरले. म्हणाले, "मॅडम, काही झालं तर जबाबदारी कुणाची?" मी त्यांना एका कागदावर लिहून दिलं: लक्षणं काय, काय पाजायचं, किती वेळानं परत तपासायचं, बेशुद्ध पडला तर तोंडात काहीही घालायचं नाही. तो कागद त्यांनी किटबॅगच्या झाकणाला आतून चिकटवलाय. आता संघातली सगळी पोरं त्याच्यावर नजर ठेवतात. फारच ठेवतात म्हणा. कॅच सुटला की लगेच, "अरे शुगर बघ याची!"

शाळेसाठी एक गोष्ट उपयोगी पडेल. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगानं २०२३ मध्ये राज्यांना पत्र पाठवलंय. टाइप वन असलेल्या मुलांना वर्गात शुगर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावं, मधल्या वेळेत खाऊ द्यावं, असं त्यात आहे. मी प्रत काढून मुख्याध्यापकांना दिली होती. त्यांनी वाचली नाही बहुतेक, पण शिक्का मारून घेतली, तेवढं पुरलं.

आणि एक विचारू का ताई? राग मानू नका. तुम्ही त्या बापाला सांगितलंत का, की तुम्हालाही आहे?

बालाघाट

एवढ्या लहान लेकराला रोज सुया टोचणं पटत नाही बुवा. एकदा इन्सुलिनची सवय लागली की जन्मभर सुटत नाही. आमच्या भागात एक वैद्य आहेत, कारल्याचा रस आणि एक मुळी देतात. माझ्या चुलत्याची ३०० ची १४० झाली. बघा विचार करून.

गोदातीर

बालाघाट, मी नांदेडात डॉक्टर आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. तुमच्या चुलत्यांना टाइप टू असणार. त्यात शरीर इन्सुलिन बनवतं, ते नीट वापरलं जात नाही. टाइप वनमध्ये शरीराची संरक्षण यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. तिथं कारलं कुणाला कामाला लावणार? सवय म्हणाल तर श्वासाचीही आहे. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत चौदा वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं गेलं. त्याआधी अशी मुलं काही महिन्यांत, फार तर वर्ष-दोन वर्षांत जायची. "वैद्याकडं नेलं आणि इंजेक्शन बंद केलं" अशी लेकरं आमच्याकडं येतात, श्वासाला कुजक्या फळासारखा वास घेऊन. सगळी परत जात नाहीत.

आता तेरणाकाठताई, तुमच्या प्रश्नावर. खो-खो हा खेळ यासाठी फार मजेशीर आहे, कारण त्यात दोन उलट्या गोष्टी घडतात. जोराची धाव, सूर, झेप आणि सामन्याचं टेन्शन यात ॲड्रेनलिन सुटतं, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं आणि आकडा चढतो. सरावात तासभर सलग पळणं असतं, तेव्हा स्नायू साखर ओढतात आणि आकडा उतरतो. निरोगी माणसाचं स्वादुपिंड पळायला लागताच इन्सुलिन कमी करतं. टोचलेलं इन्सुलिन मात्र परत काढून घेता येत नाही. सगळी मेख इथं आहे.

मोठी चूक कुठं होते सांगतो. सामन्याआधी भीतीनं २६० दिसतं. पोरगं किंवा आई घाबरून जास्तीचा डोस देते. सामना संपतो, ॲड्रेनलिन ओसरतं, आणि एसटीत घरी येताना आकडा कोसळतो.

सर्वसाधारण पट्टा असा: मैदानात उतरताना १२६ ते १८० च्या आसपास असेल तर छान. ९० च्या खाली असेल तर आधी खा, मग खेळा. २५० च्या वर असेल तर कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साचणारं आम्ल) तपासा. रक्तातले कीटोन १.५ किंवा जास्त असतील तर त्या दिवशी खेळ नाही, कितीही फायनल असली तरी. आदल्या चोवीस तासांत बेशुद्धीपर्यंत शुगर उतरली असेल तरीही नाही. सरावाआधीच्या जेवणाचा डोस कमी करावा लागतो. किती, ते ज्याचं त्याचं वेगळं, आपल्या डॉक्टरांबरोबर वही घेऊन बसावं लागतं. ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे साधारण तीन चमचे, पंधरा मिनिटं थांबून परत तपासणी. ताई, तुमचा शेंगदाण्याचा लाडू दप्तरात नसून हातात असता तरी त्या क्षणी उशिराच कामाला आला असता. चॉकलेटचंही तेच. त्यातल्या तेला-तुपामुळं साखर सावकाश सुटते. रसवंतीवाली मैत्रीण बरोबर होती.

पळणाऱ्या पोरीनं मांडीत इंजेक्शन घेऊन लगेच मैदानात जाऊ नये, पळताना तिथून ते लवकर शोषलं जातं. पोटावर घ्यावं.

आणि रात्र. संध्याकाळी जोरदार सराव झाला की स्नायू रिकामी झालेली कोठारं रात्रभर भरत बसतात. दोन-तीन वाजता शुगर उतरते. घरच्यांना खरी भीती मैदानाची वाटते, पण खेळाडू पोरांची रात्री अडीचची तपासणी जास्त महत्त्वाची.

तेरणाकाठ

गोदातीर, रात्रीचं वाचून आईची आठवण झाली. आमच्याकडं तेव्हा शुगर तपासायचं मीटर होतं पण पट्ट्या महाग, आठवड्याला दोन-तीनच वापरायच्या. आई रात्री उठून माझ्या मानेखाली हात घालून बघायची. कोरडी असली की परत झोपायची. ओली असली की अंधारातच तोंडाला साखरपाणी लावायची. मला सकाळी आठवायचं नाही, फक्त उशी चिकट असायची. अजूनही मला कुणी मानेला हात लावला की झोपेत तोंड उघडतं, असं आमचे हे म्हणतात.

परभणीची आई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते. नंतर.

लाल माती

रामराम. मी बीडकडचा, तालमीत मुलांना शिकवतो. आमच्या भागानं राहुल आवारेसारखा पैलवान दिला, २०१८ च्या राष्ट्रकुलला सुवर्ण आणलं, त्यामुळं इथं दर घरातून एक पोरगं लंगोट लावून येतं. त्यातला एक टाइप वनवाला माझ्याकडं चार वर्षं होता.

कुस्तीत दोन कटकटी. पहिली खुराक. थंडाईचा तांब्या नाकारला की वस्तादांना वाटतं पोरगं माजलंय. त्याच्यासाठी आम्ही बिनसाखरेची घोटायला लागलो, बदाम-खसखस तीच. आता निम्मी तालीम तीच पिते.

दुसरी कटकट वजनाची, आणि ही गंभीर आहे. वजनाच्या आदल्या दिवशी पोरं पाणी तोडतात, गाद्या अंगावर घेऊन पळतात. याला कुणीतरी शहाण्यानं सांगितलं की इन्सुलिन सोडलं की वजन झपाझप उतरतं. उतरतं, खरंय. अंगातलं मांस आणि पाणी जातं आणि रक्त आंबतं. पोरगं वजनाला बसलं, आणि रात्री दवाखान्यात. वाचलं. त्या दिवसापासून त्याला मी वरच्या गटात खेळवलं. दोन वर्षं हरला, तिसऱ्या वर्षी जिल्ह्याला पहिला आला. ज्या वजनात इन्सुलिन सोडावं लागतं ते वजन आपलं नाहीच.

आणखी एक, कुणी सांगत नाही म्हणून लिहितो. इन्सुलिन वाडाच्या बंदी यादीत आहे, स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही. वाडा म्हणजे गावातला देशमुखांचा वाडा नव्हे, जागतिक उत्तेजकविरोधी संस्था. आपल्याकडं तशीच राष्ट्रीय संस्था नाडा आहे. (आधी नाडा, मग वाडा, पैलवानांना लक्षात राहायला सोपं.) मधुमेहाच्या खेळाडूला कागदपत्रं देऊन उपचारासाठीची सूट घेता येते, टीयूई म्हणतात तिला. तालुका-जिल्ह्याला कुणी विचारत नाही, पण पोरगी वर जाणारी असंल तर फाईल आतापासून नीट लावा. निदानाचा कागद, डॉक्टरांचं पत्र, सगळं.

जुना बॉलर

वसीम अक्रमला १९९७ मध्ये मधुमेह निघाला. त्यानंतर सहा वर्षं खेळला आणि २००३ च्या विश्वचषकात एकदिवसीय सामन्यांतली ५०० वी विकेट घेतली. बापाला एवढंच सांगा.

परभणीची आई

अक्रम तिशीत होता हो, मुलांचं वेगळं. माझ्या लेकाला झ्वेरेव जवळचा वाटतो. त्याला चौथ्या वर्षी निदान झालं आणि टोकियो ऑलिम्पिकचं टेनिसचं सुवर्ण त्यानं जिंकलं. २०२३ च्या फ्रेंच ओपनमध्ये त्याला कोर्टवर इंजेक्शन घेऊ नको, बाहेर जाऊन घे असं सांगितलं गेलं, तेव्हा तो जाहीरपणे बोलला. लेकानं मला बातमी दाखवली आणि म्हणाला, "आई, त्याला पण संडासात पाठवायले."

दुसरा फुटबॉलवाला नाचो. बाराव्या वर्षी निदान, पुढं रियाल माद्रिदमध्ये खेळला आणि २०२४ ला कर्णधार म्हणून चॅम्पियन्स लीगचा करंडक उचलला. पण ही उदाहरणं भिंतीवर लावायला बरी. त्या लोकांकडं सतत शुगर दाखवणारा सेन्सर, इन्सुलिनचा पंप, आहारतज्ज्ञ. आमच्याकडं दंडावरचा सेन्सर चौदा दिवस टिकतो आणि पैसे बघून आम्ही तो फक्त स्पर्धेच्या पंधरवड्यात लावतो. बाकी बोट टोचणं.

नाव नको

माझी मुलगी पंधरा वर्षांची, लांब उडी. आम्ही कुणालाच सांगितलेलं नाही. इथं सगळे सांगा-सांगा म्हणायलेत, त्यांना विचारतो, उद्या स्थळ बघायला गेल्यावर तुम्ही येणार का सोबत? लोक मुलाचं लपवलेलं पचवतात, मुलीचं नाही.

लाल माती

भाऊ, तुमचं खोटं नाही. पण मैदानावरच्या दोन माणसांना सांगणं म्हणजे गावात दवंडी देणं नव्हे. सर आणि एक मैत्रीण. एवढं तरी करा. उडी मारून पोरगी वाळूत पडली आणि उठली नाही, तर धावत येणाऱ्याच्या हातात साखर असंल का पाणी, एवढाच फरक आहे.

बालाघाट

कारल्याचं मी मागं घेतो. डॉक्टरांनी वास लिहिला तो वाचून रात्री बेचैन झालो. बहिणीच्या नणंदेचं पोरगं असंच गेलं होतं, तेव्हा आम्हाला बाहेरची बाधा सांगितली होती.

एक साधा प्रश्न: आमच्याकडं उन्हाळ्यात वीज आठ-आठ तास नसते. मे महिन्यात पत्र्याच्या घरात औषध टिकतं कसं?

तेरणाकाठ

बालाघाट, याचं उत्तर माझ्याकडं पक्कं आहे, वीस उन्हाळे काढलेत.

न उघडलेल्या कुप्या फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत. बर्फाच्या कप्प्याजवळ अजिबात नाही, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. वापरातली कुपी साधारण महिनाभर बाहेर चालते, पण "बाहेर" म्हणजे पंचवीस-तीस अंशांत, आपल्या बेचाळीसात नव्हे. आमच्याकडं फ्रिज येईपर्यंत असं होतं: एका मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, त्यात प्लॅस्टिकच्या डबीत कुपी, वरून ओलं फडकं, आणि सगळं न्हाणीच्या कोपऱ्यात सावलीला. सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी मारायचं काम माझं. मैदानावर थर्मासमध्ये ठेवायचं, पण बर्फाला थेट चिकटवून नाही, मध्ये रुमाल. आणि एसटीच्या बॉनेटजवळच्या सीटवर पिशवी ठेवायची नाही. मी एकदा लातूर-परळी प्रवासात ठेवली आणि पुढचे तीन दिवस शुगर का उतरत नाही म्हणून डोकं धरून बसले.

अजून एक, नवीन पालकांसाठी. आपल्याकडं कुपी बहुतेक दर मिलीला ४० युनिटची मिळते आणि इन्सुलिन पेनची काडतुसं १०० ची. लाल टोपणाची सिरिंज ४० ची, नारिंगी टोपणाची १०० ची. अदलाबदल झाली की डोस अडीच पट चुकतो. स्पर्धेच्या गावी घाईत मेडिकलवाल्यानं दिली ती सिरिंज घेऊ नका, टोपणाचा रंग बघा.

गोदातीर

मडक्याची युक्ती चांगली आहे, कोरड्या हवेत तर छान काम करते. ज्यांना सोबत हवी त्यांनी संभाजीनगरच्या 'उडान' संस्थेकडंही विचारून बघावं, टाइप वन मुलांसाठीच त्यांचं काम आहे. एकाच आजाराची दहा पोरं एकत्र बसून डबा खाताना बघितली की पालकांचा चेहरा बदलतो, हे मी पाहिलंय.

तेरणाकाठ

आठवडाभर गायब होते, माफ करा. परभणीची आई, तुमचं उत्तर बाकी होतं.

नव्हतं सांगितलं. शाळेत बारा वर्षं झाली, मुख्याध्यापकांशिवाय कुणाला माहीत नाही. अजूनही डबा खायच्या आधी मी स्टोअररूममध्ये जाते, चेंडूंच्या जाळीमागं, आणि तिथं इंजेक्शन घेते. बाकीच्या मॅडमना वाटतं मी साहित्य मोजायला जाते. तुमचा प्रश्न वाचल्यावर दोन दिवस तुमचाच राग आला, खरं सांगते.

शनिवारी चिमणीच्या घरी गेले. सोयाबीन काढून झालेलं, अंगणात पोत्यांची थप्पी. वडिलांनी खाट टाकली, आईनं चहा आणला, बिनसाखरेचा, कारण आता घरात सगळ्यांचाच बिनसाखरेचा होतो. चिमणी दाराआड. जेवायची वेळ झालीच होती. मी पर्समधून पेन काढलं, मीटर काढलं, तिथंच खाटेवर बोट टोचलं. तिचे वडील बघतच राहिले. "मॅडम, हे कधीपासनं?" म्हटलं, "तुमच्या पोरीएवढी होते तेव्हापासून." त्यांचं पुढचं वाक्य मला अपेक्षित नव्हतं. म्हणाले, "आणि तुम्ही दिवसभर उन्हात पळता?"

चिमणी बाहेर आली आणि माझ्या मीटरवरचा आकडा वाचला. १९४. म्हणाली, "माझी सकाळी १३२ होती." जिंकल्यासारखं तोंड केलं.

लगेच होकार मिळाला नाही. वडील म्हणाले, आधी लातूरच्या डॉक्टरांना विचारू. विचारलं. डॉक्टरांनी सरावाच्या दिवसांसाठी वेगळे डोस लिहून दिले, एक महिना फक्त सराव, सामने नाहीत. आई रात्री अडीचचा गजर लावते. परभणीच्या ताईंचा कागद मी आपल्या भाषेत लिहून साहित्याच्या पेटीवर चिकटवला. तिची जोडीदार, पाचव्या पाटीवरची, तिला चिमणीनं स्वतःच निवडलं आणि मीटर वापरायला शिकवलं. पोरगी हुशार आहे, पण तिला सगळ्यांचीच शुगर बघायची असते. काल शिपाईमामांची बघितली. २१० निघाली. ते आता वेगळंच प्रकरण सुरू झालंय.

परभणीची आई

ताई 🙏 राग आला तरी चालेल. तो कागद "आपल्या भाषेत" लिहिलात तो इथं टाका ना, आमचा फार पुस्तकी झालाय.

नाव नको

मुलीच्या सरांना काल सांगितलं. फक्त सरांना. ते म्हणाले, त्यांच्या भावालाही आहे.

तेरणाकाठ

परभणीची आई, हा घ्या. पेटीवर आहे तसाच:

चिमणी गप्प झाली, किंवा विनाकारण भांडली, किंवा खो ऐकून उठली नाही, तर रागवू नका. घाम बघा, हात गार आहे का बघा. पेटीतल्या निळ्या डब्यात ग्लुकोज आहे, तीन चमचे पाण्यात कालवून पाजा. डबा कुणी चाटून संपवू नये, मोजलेला आहे. पंधरा मिनिटांनी मीटर. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर झोपवा, मॅडमना हाक मारा, मॅडम नसतील तर शिपाईमामांची गाडी. मॅडम स्वतःच गप्प झाल्या असतील तर हेच सगळं मॅडमना.

शेवटची ओळ मी लिहिलेली नाही. सोमवारी पेटी उघडली तेव्हा स्केचपेननं खाली लिहिलेली होती, आणि "मॅडमना" मधला 'ड' उलटा होता.